पॅच पाठवू की नको?

प्रश्न : मी सांगलीला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतः कंपाइल करून बघत होते. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायच्या मेन्यूत) एका ड्रायव्हरच्या पर्यायावर हेल्प उघडली, तर तिथे ‘अधिक माहितीसाठी डॉक्युमेंटेशनमधली अमुक डॉट टीएक्सटी फाइल वाचा’ असं लिहिलेलं. ती फाइलच नाही! त्याच नावाची डॉट आरएसटी फाइल मात्र आहे. हे दुरुस्त करून त्याचा पॅच, म्हणजे नेमका बदल दाखवणारा मजकूर, पाठवावासा वाटतो. पण वर्गातली मुलं म्हणतात, असले पॅच म्हणजे रेझ्युमेत टाकायला केलेली नाटकं. माझं इंग्रजीही यथातथाच. आणि तिकडचे लोक झापतात म्हणे. पाठवू का? आणि कसं?

उत्तर : पाठव. वर्गातल्या मुलांकडे नंतर येऊ.

तुला जे सापडलं त्यामागे एक मोठं स्थलांतर आहे. कर्नलची कागदपत्रं पूर्वी साध्या टेक्स्ट फायलींमध्ये असायची, काही डॉकबुक नावाच्या किचकट प्रकारात. 2016 पासून ती स्फिंक्स या कागदपत्रं बनवायच्या साधनावर, म्हणजे आरएसटी फायलींवर, आणायला सुरुवात झाली. 2019 मध्ये कर्नलवर काम करणारे मावरो कार्वाल्हो शेहाब यांनी तर ढिगाने टीएक्सटी फायलींच्या आरएसटी करून टाकल्या. माणसानं घर बदललं की बँकेत, गॅसवाल्याकडे, रेशनकार्डावर पत्ता बदलावा लागतो आणि एखाद्या ठिकाणी राहूनच जातो, तसं इथेही झालं. कोडमधल्या शेऱ्यांत, हेल्पच्या मजकुरात जुनी नावं कुठे कुठे राहून गेली.

आता आधी एक बघ : लॅबमधलं कर्नल कुठल्या आवृत्तीचं आहे? कॉलेजात सहसा कुणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेली जुनी झिप असते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिटवरचं (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरचं) ताजं झाड, म्हणजे सगळ्या कोडची प्रत, घे, आणि शिवाय लिनक्स-नेक्स्ट बघ, कारण पुढच्या आवृत्तीत जायचे बदल तिथे आधीच गोळा झालेले असतात. तिथेही जुनंच नाव असेल तर ते काम तुझं.

मग ती आरएसटी फाइल उघडून सबंध वाच. हे कुणी करत नाही. टीएक्सटी खोडून आरएसटी लिहायला मिनिटभर लागतं. पण हेल्प ज्या माहितीसाठी तिकडे पाठवते आहे, ती माहिती नव्या फाइलमध्ये खरंच उरली आहे का? कधी कधी एका फाइलच्या दोन झालेल्या असतात आणि ड्रायव्हरचा भाग तिसरीकडेच गेलेला असतो. हे वाचून ठरवलंस तरच त्याला दुरुस्ती म्हणायचं.

बदल केल्यावर त्याच फाइलवर गिट लॉग चालव आणि आधीच्या लोकांनी शीर्षकं कशी लिहिली आहेत ते बघ. आधी त्या विभागाचं नाव, मग विसर्गचिन्ह, मग काय करायचं ते आज्ञार्थात. ‘पत्ता दुरुस्त केला’ नाही, ‘पत्ता दुरुस्त करा’. खाली मजकुरात तीनच गोष्टी सांगायच्या : अमुक कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदलेल्या बदलात) या फाइलचं नाव बदललं, हेल्पमध्ये जुनंच राहिलं, ते बदला. कमिटचा उल्लेख करताना त्याच्या आकड्याची पहिली 12 अक्षरं आणि कंसात त्याचं शीर्षक द्यायचं. ओळी 75 अक्षरांच्या आत. एवढं इंग्रजी तुला येतं. या कामात अलंकारिक इंग्रजी लिहिणाऱ्यांचाच जास्त त्रास होतो.

कमिट करताना ‘-एस’ लावलंस की खाली तुझ्या नावानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ येते. ती शोभेची नाही. 2003 मध्ये एससीओ कंपनीनं लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर दावा ठोकला. कुठली ओळ कुणाकडून आली याचा माग ठेवायला हवा हे त्यानंतर सगळ्यांना पटलं आणि 2004 मध्ये ही सही आली. हे काम माझं आहे, किंवा मला ते पुढे द्यायचा हक्क आहे, असं तू त्या ओळीत लिहून देतेस. त्यामुळे तिथे निनावी सही चालत नाही, लोक तुला ज्या नावानं ओळखतात ते दे.

नंतर चेकपॅच ही स्क्रिप्ट चालव, ती चुका दाखवते. गेट-मेंटेनर नावाची दुसरी आहे, ती पत्र कुणाला पाठवायचं ते सांगते. कागदपत्रांचा विभाग जोनाथन कॉर्बेट सांभाळतात, पण तुझी हेल्प ड्रायव्हरच्या केकॉन्फिग फाइलमध्ये (मेन्यूतले पर्याय जिथे लिहिलेले असतात तिथे) आहे, म्हणून तुझं पत्र मुख्यतः त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो सांभाळणाऱ्याकडे, जाईल. स्क्रिप्ट जी नावं देईल ती घे, स्वतःच्या मनानं टोरवाल्ड्सना प्रत लावू नकोस. गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकूनही उपयोग नाही, तिथे फक्त आरसा आहे. पॅच ईमेलनंच जातो, तोही साध्या मजकुरात, जोडपत्र न लावता. ब्राउझरमधल्या जीमेलमधून तर मुळीच नाही : ते टॅबचे स्पेस करतं, लांब ओळी मोडतं, आणि पॅच पलीकडे लागतच नाही. त्याऐवजी गिट सेंड-ईमेल हे साधन बसव. पहिली प्रत स्वतःलाच पाठव, आलेलं पत्र फाइल म्हणून उतरवून घे आणि ‘गिट एएम’नं कोऱ्या झाडावर लावून बघ. लागला, की मग पाठव.

झापण्याबद्दल : जुन्या गोष्टी खऱ्या आहेत. पण 2018 मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली आणि कर्नलला आचारसंहिता आली. तुला बहुधा एका ओळीचं उत्तर येईल, ‘लावला, धन्यवाद’ किंवा ‘हे बदलून व्ही-टू (सुधारलेली दुसरी प्रत) पाठव’. व्ही-टूमध्ये काय बदललंस ते पॅचमधल्या मजकुरानंतर येणाऱ्या तीन रेघांच्या (---) खाली लिही. तो भाग मेंटेनरला दिसतो, पण इतिहासात जात नाही. आणि उत्तर देताना त्यांच्या वाक्याच्या खाली लिही, डोक्यावर नाही.

आता तुझ्या वर्गातली मुलं. ती अगदीच चुकीचं बोलत नाहीत. 2020 च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात मिळणाऱ्या एका टी-शर्टापायी लोकांनी हजारो प्रकल्पांत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असले शब्द घुसडून पाठवले होते, ती नाटकंच. कर्नलच्या कागदपत्रांच्या मार्गदर्शिकेत मात्र स्पष्ट लिहिलंय की स्पेलिंगच्या दुरुस्त्या हा पॅच करायला आणि पाठवायला शिकण्याचा चांगला रस्ता आहे, आणि हात बसला की ते काम पुढच्या नवशिक्यांसाठी सोडावं. मला हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. ‘मेक रेफचेकडॉक्स’ चालवलंस की असे तुटके पत्ते यादीनं मिळतील. सगळी यादी एका बैठकीत उडवायला जाऊ नकोस. त्यात काही नोंदी खोट्याही असतात, आणि न वाचता पाठवलेला पॅच मेंटेनरला पहिल्या ओळीत कळतो.

पुढचं काम हवं असेल तर ‘मेक डब्ल्यू=1’ किंवा ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ चालव आणि इशारे वाच. ‘हा पॅरामीटर वर्णन केलेला नाही’ असा एक हमखास सापडेल. कर्नलमध्ये फंक्शनच्या डोक्यावर एक शेरा असतो : तिरकी रेघ, दोन तारका, खाली फंक्शनचं नाव, मग ॲटच्या चिन्हानं सुरू होणारी एकेका पॅरामीटरची ओळ. फंक्शन लिहिलं तेव्हा पॅरामीटर दोन होते. नंतर कुणीतरी तिसरा घातला आणि शेऱ्याकडे बघितलंच नाही. ती एक ओळ लिहायला तुला सगळं फंक्शन वाचावं लागेल. तिथे नल (रिकामा पॉइंटर) चालतो का? ती मेमरी कोण सोडतं? फंक्शनला हाक मारण्याआधी लॉक घ्यायचा की नाही? ज्यानं पॅरामीटरच्या नावाचीच पुनरुक्ती करून इशारा गप्प केला, त्यानं कर्नलचं काहीच भलं केलं नाही. ‘फ्लॅग्ज : फ्लॅग्ज’ अशी ओळ मी पाहिली आहे!

मी भोसरीत औद्योगिक बोर्डांवर कर्नल चढवायचं काम करते. एका सेन्सरच्या कागदात रीसेटची पिन कधी वर आणि कधी खाली हेच उलटं लिहिलेलं होतं. चिप काही केल्या जागी होईना. आम्ही सोल्डरिंगवर संशय घेतला, केबल बदलली, शेवटी ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कळलं. तिथे दुरुस्ती होती एका शब्दाची. म्हणून छोटा पॅच म्हटलं की मी त्यात किती अक्षरं बदलली ते मोजत नाही. तो मजकूर वाचून कोण किती वेळ फसलं असतं, ते बघते.

प्रश्न : रत्नागिरीत हायस्कूलला 30 वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. जावयांनी संगणकात लिनक्स घालून दिलं आणि कर्नलची कागदपत्रं वाचायची सवय लागली. भाषा भयंकर आहे! एकीकडे ब्रिटिश ‘कलर’, दुसरीकडे अमेरिकन. पूर्णविरामानंतर कुठे एक जागा, कुठे दोन. ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम कधी आहे, कधी नाही. मी वहीत सगळं उतरवून ठेवलंय. हे एकदा शिस्तीत आणता येईल का?

उत्तर : सर, वही जपून ठेवा, पण यातलं काही पाठवू नका. तुम्ही नेमक्या त्याच तीन गोष्टी धरल्यात ज्यांना हात लावायचा नाही असं मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात, एकाच्या जागी दुसरं करायचं नाही. पूर्णविरामानंतरच्या जागेवर तिथे वाद घालायचा नाही. आणि तो स्वल्पविराम, ज्याला ऑक्सफर्डचं नाव आहे, तोही विषयाबाहेर. जगभरातून लोक लिहितात. उद्या तुम्ही सगळं ब्रिटिश केलंत, तर परवा कुणीतरी ते अमेरिकन करेल आणि गिट ब्लेमवर, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या आज्ञेत, मूळ लेखकाचं नाव दिसायचं बंद होईल.

पण तुमची नजर वाया घालवू नका. इंग्रजीचा शिक्षक जे पकडतो ते चेकपॅच पकडत नाही. ‘द द’ असा दुबार शब्द यंत्राला दिसतो. पण वाक्यातला ‘नॉट’ गळून अर्थ उलटा झाला, किंवा ‘इट’ म्हणजे नेमकं कोण, बफर की डिव्हाइस, हे संदिग्ध राहिलं, तर ते वाचणाऱ्या माणसालाच दिसतं. अशी ठिकाणं वेगळ्या पानावर उतरवा. प्रत्येकाशेजारी ‘मला असं वाटलं, किंवा तसंही असू शकेल’ असे दोन्ही अर्थ लिहा. कोड वाचून त्यातला कुठला खरा हे जावईबापूंना ठरवू द्या आणि पॅचवर दोघांची नावं घाला. मेंटेनरांना विचारायलाही हरकत नाही. प्रश्नाचं पत्र हेसुद्धा तिथे रीतसर मानलं जातं.

प्रश्न : नाशिकला टेस्टिंगचं काम करतो. कागदपत्रांतली एक चूक दुरुस्त करून पॅच पाठवला, पण हूं की चूं नाही. पुन्हा पाठवू का? आणि हा बदल स्टेबल आवृत्त्यांतही (आधीच निघालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) घ्यावा असं लिहू का?

उत्तर : आधी लिनक्स-नेक्स्टमध्ये बघा. छोटा पॅच कधी कधी उत्तर न देताच लावलेला असतो. नसेल तर पाठवल्याची तारीख बघा. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्या सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल आत घ्यायचा काळ, असते. त्या काळात मेंटेनरांना मान वर करायला फुरसत नसते, तुमचं पत्र तेव्हा गेलं असेल तर आरसी-वन, म्हणजे पहिली चाचणी आवृत्ती, येईपर्यंत थांबा. एरवी उत्तराला दोन-तीन आठवडे लागतातच, आठवड्याच्या आत आठवण करायची नाही असा तिथला नियम आहे. तेवढा काळ उलटून गेला असेल तर काही न बदलता शीर्षकात ‘रीसेंड’ घालून पाठवा. काही बदललं असेल तर मात्र तो व्ही-टू झाला. ‘कृपया लक्ष द्यावे’ अशी लांबलचक पत्रं नकोत.

स्टेबलचं नाव काढू नका. तिथे फक्त खऱ्या त्रासाच्या दुरुस्त्या जातात. स्पेलिंग, मोकळ्या जागा असले किरकोळ बदल घ्यायचे नाहीत असं त्यांच्या नियमांतच आहे.