सुरुवातीच्या फ्रेंच प्रवासी विमानांमध्ये जास्त इंजिनं म्हणजे जास्त सुरक्षितता होती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९२० च्या दशकातल्या फ्रेंच विमानांना दोन, तीन, चार इंजिनं असायची, तर ती एका इंजिनाच्या विमानांपेक्षा सुरक्षित होती का? आणि फारमान कंपनीच्या गोलियाथ या दोन इंजिनांच्या विमानाच्या फोटोत वैमानिक दोन केबिनच्या मधोमध उघड्यावर का बसलेला दिसतो?

पहिल्याचं उत्तर आधी देतो: १९३० पर्यंत, बहुतेक विमानांच्या बाबतीत, नाही. इंजिनं वाढवली ती मुळात ताकद कमी पडत होती म्हणून. १९१९ मध्ये सहज मिळणारं फ्रेंच इंजिन १८० ते ३०० अश्वशक्तीचं होतं. डझनभर माणसं उचलायला ५०० च्या आसपास लागत. मग दोन बसवा, नाहीतर तीन.

गोलियाथ मूळचं बॉम्बफेकी विमान. युद्ध संपलं आणि तेच प्रवासी करून टाकलं. ८ फेब्रुवारी १९१९ रोजी वैमानिक लुसियाँ बोसूत्रोनं ते पॅरिसजवळच्या तुसू-ल-नोब्लहून लंडनजवळच्या केन्लीला नेलं. नागरी उड्डाणांना तेव्हा परवानगी नव्हती, म्हणून आतले प्रवासी लष्करी होते. खालच्या पंखावर दोन साल्मसाँ इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची. ही ९ सिलिंडरची, चाकाच्या आऱ्यांसारखी मांडणी असलेली आणि तरीही पाण्यानं थंड होणारी. अशी मांडणी असलेली इंजिनं सहसा हवेनं थंड होतात. इथे रेडिएटर, नळ्या आणि त्यांचे सांधे हे सगळं जोखमीचं सामान सोबत आलं.

आता हिशेब मांडा. भरलेल्या गोलियाथचं वजन सुमारे ४,७७० किलो, एकूण ताकद ५२० अश्वशक्ती. म्हणजे दर अश्वशक्तीमागे ९.२ किलो. एक इंजिन बंद पडलं की तोच आकडा १८ च्या वर जातो. समजा, उंची न गमावता सरळ उडायला एकूण ताकदीच्या ६० टक्के लागतात. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं तर ५० टक्के उरतात, म्हणजे विमान खाली येणारच. तिनातलं एक गेलं तर ६७ टक्के उरतात, चारातलं एक गेलं तर ७५. कागदावर तीन इंजिनं पुरतात असं वाटतं, पण वरचे ७ टक्के दोन गोष्टी खाऊन टाकतात. पहिली म्हणजे बंद इंजिनाचा पंखा. तो लाकडी आणि ठरावीक कोनाचा असे. पाती हवेच्या धारेत कडेनं वळवून ठेवायची सोय १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तोवर पंखा वाऱ्यानं फिरत राहायचा आणि ब्रेक लावल्यासारखी ओढ निर्माण करायचा. दुसरी गोष्ट म्हणजे चालू इंजिन विमानाला एका अंगाला वळवतं. ते सरळ ठेवायला सुकाणू दाबून धरावं लागतं, आणि दाबलेलं सुकाणू पुन्हा ओढ वाढवतं.

बिघाडाची शक्यताही वाढते. एका इंजिनाच्या विमानाला शंभर फेऱ्यांत दोनदा बिघाड येत असेल, तर दोन इंजिनांच्या विमानाला जवळपास चारदा येणार. उरलेल्या इंजिनावर तरता येत नसेल तर दुसरं इंजिन म्हणजे जबरदस्तीनं उतरण्याचं दुसरं कारण.

ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात ईस्ट मॉलिंगला हेच घडलं. एअर युनियन या फ्रेंच विमान कंपनीच्या गोलियाथचं एक इंजिन बंद पडलं. वैमानिक जवळच्या मैदानाकडे निघाला आणि तोल साधायला प्रवाशाला जागा बदलण्याचा निरोप पाठवला. निरोपाचा अर्थ चुकला आणि एकाऐवजी बरेच जण उठले. गुरुत्वमध्य सरकला, वेग आधीच कमी होता. पंखांची विमान उचलून धरण्याची ताकद संपली आणि विमान गिरक्या घेत कोसळलं. एकाचा मृत्यू झाला. लांब केबिन आणि काठावरचा वेग असेल तर चार माणसांचं चालणंही वैमानिकाच्या हातातलं विमान काढून घेतं.

मग गोलियाथ इतकी वर्षं चाललं कसं? माझ्या मते त्याची खरी सुरक्षितता पंखात होती. सुमारे २६.५ मीटर लांब, टोकाला निमुळता न होणारा, चौकोनी कापल्यासारखा पंख; वरचा आणि खालचा असे दोन्ही थर मिळून १६१ चौरस मीटर. दर चौरस मीटरवर जेमतेम ३० किलो भार. त्यामुळे विमान फार हळू उतरायचं आणि शेतात उतरावं लागलं तरी माणसं बहुधा चालत बाहेर यायची. पॅरिस–लंडन मार्गावर साँ-अँग्लव्हेर, लिम्प्न, पेन्सहर्स्ट अशी मधली मैदानं राखलेली होती, ती याच हिशेबानं. त्याची किंमत वेगात मोजावी लागली: ताशी सुमारे १२० किलोमीटर. समोरून जोराचा वारा आला की प्रवास रेंगाळायचा.

तीन इंजिनांचं कोद्रों सी-६१ हे १९२१ चं. १८० अश्वशक्तीची तीन हिस्पानो-सुइझा इंजिनं, एक नाकात, दोन पंखांवर. फ्रँको-रूमेन कंपनीनं ते पूर्व युरोपच्या मार्गावर वापरलं. पुढच्या सुधारित रूपात बाजूची दोन बदलून २६० ची साल्मसाँ बसवली. दुरुस्तीची दिशा बघा: इंजिनांची संख्या तीच, ताकद ५४० वरून ७००.

चार इंजिनांचे प्रयोग मला सगळ्यात रंजक वाटतात. १९२३ च्या फारमान जाबिरूत धडाच्या दोन्ही बाजूंना आखूड पंखांवर इंजिनांची एकेक जोडी होती, पुढचं ओढणारं आणि मागचं ढकलणारं. कल्पना चांगली होती, कारण जोडीतलं एक बंद पडलं तरी विमान फार वळत नाही. पण मागच्या इंजिनाला पुढच्याची तापलेली, ढवळलेली हवा मिळायची आणि ते नीट थंड व्हायचं नाही. शेवटी साल्मसाँच्या तीन इंजिनांचं, मग मोठ्या दोन इंजिनांचं जाबिरू आलं. ब्लेरियो कंपनीनं वेगळी वाट धरली: दोन इंजिनं खालच्या पंखावर, दोन वरच्या. याचा तोटा असा की वरची इंजिनं बंद पडली की नाक वर उठतं, खालची पडली की खाली दबतं. १७ प्रवाशांचं ब्लेरियो-१५५ दोनच बनली आणि १९२६ च्या ऑगस्ट व ऑक्टोबरमध्ये दोन्ही केंटमध्येच अपघातात गेली. दुसऱ्याला हवेतच आग लागली आणि सातही जण मेले. इंजिन बंद पडणं निस्तरता येतं. इंजिनाची आग कापड-लाकडाच्या पंखाला लागली की इंजिनांच्या संख्येला अर्थ उरत नाही.

उत्तर बदललं ते १९३० नंतर. मिशेल विबोचं तीन इंजिनांचं विमान धातूचं, एकाच खालच्या पंखाचं. विबो-२८३ मध्ये हवेनं थंड होणारी तीन नोम-रोन इंजिनं, प्रत्येकी ३५० अश्वशक्ती. भरलेलं वजन सुमारे ६,३५० किलो, प्रवासी १०. दर अश्वशक्तीमागे ६ किलो. आता एक इंजिन काढून मोजा: ९.१. म्हणजे एक इंजिन मेलेल्या विबोवर तेवढाच भार, जेवढा दोन्ही इंजिनं धडधाकट असलेल्या गोलियाथवर. पाण्याच्या नळ्याही गेल्या, दोन थरांच्या पंखांना जोडणाऱ्या तारा-खांबांची ओढही गेली. त्याच पिढीतलं देवोआतीन डी-३३८, ६५० ची तीन इंजिनं, जास्तीत जास्त २२ प्रवाशांची जागा आणि आत घेता येणारी चाकं घेऊन पॅरिसहून इंडोचीनपर्यंत धावलं. त्या मार्गात जोधपूर, अलाहाबाद आणि कलकत्ता हे थांबे होते.

राहिला वैमानिकाच्या जागेचा प्रश्न. बॉम्बफेकी रूपात नाकात नेमबाज बसायचा. ती जागा काचा लावून चार प्रवाशांना दिली आणि मागच्या केबिनमध्ये आठांना. वैमानिक मूळच्याच जागी, पंखाजवळ, थोडा उंचावर राहिला. त्याचं वजन गुरुत्वमध्याजवळ पडायचं, म्हणून पुढे-मागे प्रवासी वाटून तोल साधणं सोपं जायचं. शिवाय त्या पिढीच्या वैमानिकांना वारा तोंडावर हवाच असे. विमान एका बाजूला घसरतंय हे गालावरच्या वाऱ्यावरून आधी कळायचं, आणि पावसात तेलानं माखलेल्या काचेतून बघण्यापेक्षा डोकं बाहेर काढून बघणं परवडायचं. नाकातल्या चौघांना देखावा सगळ्यात छान दिसायचा, पण विमान नाकावर उलटलं तर पहिला मारही त्यांनाच बसायचा.