‘तुम्ही खरंच आहात का?’

प्रश्न : आम्ही जावा-नणंदा मिळून घरी केळीचे वेफर्स, उडदाचे पापड आणि काळा मसाला करतो. दिवाळीत मुलाने वेबसाइट बनवून घेतली. लोक बघतात, पण ऑर्डर येत नाही. परवा पुण्याहून एका बाईंनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही खरंच आहात का?’ फार लागलं मनाला. चुकतंय कुठे?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर : ताई, पत्र वाचल्या वाचल्या तुमची वेबसाइट फोनवर उघडली. पहिलाच फोटो कुठल्यातरी परदेशी स्वयंपाकघरातला. त्याखाली ‘वेफर्स’ म्हणून जे दिसतंय ते बटाट्याचं आहे! फैजपूरच्या माणसाने बटाट्याचा फोटो लावून केळीचे वेफर्स विकायचे? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तुमच्या पानावर केळीचा एक घडसुद्धा नाही. त्या बाईंनी विचारलं ते बरोबरच होतं.

मी जळगावात बावीस वर्षं बियाण्यांचं दुकान चालवलं. नवा शेतकरी आला की आधी पिशवी उलटी करून लॉट नंबर आणि मुदत बघायचा, भाव नंतर. पक्की पावती मिळेल ना, हेही विचारून घ्यायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तुमची पिशवी हातात घेता येत नाही. त्याला पान दिसतं, तेवढंच. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की पान आवडलं की नाही, हे माणूस सेकंदाच्या विसाव्या भागात ठरवून टाकतो. तेवढ्यात कोणी अक्षर वाचत नाही, फोटोच बघतो.

तुमच्या पानावर पत्ता नुसता ‘जळगाव जिल्हा’ आहे. गल्ली, घर नंबर, पिनकोड, सगळं लिहा. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर पाकिटावर छापता, तो इथेही टाका. सरकारी पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. ‘किमतीसाठी संपर्क करा’ हे आधी काढा. भाव लपवला की माणूस बिचकतो. पाव किलोचा भाव, कुरियरचा खर्च, पापड तुटून पोचले तर काय, हे सरळ लिहा. आणि वरच्या पट्टीत ‘नॉट सिक्युअर’ येतंय, ते मुलाला आजच सांगा. सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या साइटवर क्रोम हा ब्राउझर २०१८ पासून हे शब्द, म्हणजे ‘सुरक्षित नाही’, दाखवतो. ते वाचून कोणी पैसे भरणार नाही, आणि ते प्रमाणपत्र फुकट मिळतं.

फोटोला फोटोग्राफर नको. कढईवर किसणी धरून काप पाडताना तुमचे हात येऊ द्या. चेहरे दाखवायचे की नाही, ते घरात ठरवा. माझं मत, दाखवाच. त्या बाईंना मात्र तुम्ही स्वतः फोन करा आणि पापड लाटायला बसाल त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवा.

गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा फोटो सकाळी आठच्या आत काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ते पांढरेफटक दिसतात.