‘लीझिंग’ म्हणजे खोटं बोलणं

प्रश्न असा आहे: १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, स्तोत्रसंहितेच्या चौथ्या स्तोत्रात, लोक ‘लीझिंग’च्या मागे लागतात म्हणून त्यांना दोष दिला आहे. जमीन किंवा गाडी भाडेपट्ट्याने घेण्यात एवढं काय पाप?

भाडेपट्ट्याचा इथे काहीच संबंध नाही. इंग्रजी अक्षरं तीच (leasing) असली तरी शब्द दोन आहेत. पट्ट्याचा ‘लीस’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, त्यात ‘स’ आहे. बायबलमधला शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, उच्चार ‘लीझिंग’, अर्थ खोटं बोलणं, लबाडी. पाचव्या स्तोत्रातही तो आहे: लीझिंग बोलणाऱ्यांचा देव नाश करील. १८८५च्या सुधारित आवृत्तीत दोन्ही ठिकाणी साधे, सर्वांना कळणारे शब्द घातले. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला विदूषक ऑलिव्हियाला म्हणतो, तू विदूषकांबद्दल चांगलं बोलतेस, तर मर्क्युरी, म्हणजे लबाडीचा रोमन देव, तुला लीझिंगची देणगी देवो. ‘भाडेपट्टा’ असा अर्थ लावला तर या वाक्याची सगळी गंमतच जाते. स्कॉटलंडच्या कायद्यात राजाची निंदानालस्ती करण्याच्या गुन्ह्याला ‘लीझिंग-मेकिंग’ म्हणत. तो गुन्हा रद्द करणारा कायदा २०१०मध्ये झाला, म्हणजे बोलण्यातून गेलेला शब्द कायद्यात टिकून होता.

मला यात सर्वांत आवडतं ते त्याचं मूळ. जुन्या इंग्रजीत ‘लेआस’ या विशेषणाचे दोन अर्थ होते: एक ‘रहित, वाचून’ आणि दुसरा ‘खोटा’. पहिला अर्थ आजही ‘होमलेस’, ‘एंडलेस’ यांतल्या ‘लेस’मध्ये आहे (कमी या अर्थाचा ‘लेस’ वेगळा). दुसऱ्यापासून ‘लीझिंग’ झालं. ज्यात काही उणं आहे ते खोटं, अशी ही जवळीक. मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. धंद्यात खोट आली म्हणजे तोटा झाला, मालात खोट आहे म्हणजे काहीतरी उणं आहे, आणि नाणं खोटं, माणूस खोटा. व्युत्पत्ती अगदी निराळी, पण कल्पना तीच.

या ‘लेआस’चं आणखी मागचं मूळ ‘सुटं करणं, तोडणं’ अशा अर्थाच्या धातूत मानतात, आणि संस्कृतातला ‘लुनाति’, म्हणजे कापतो, त्याच कुळातला. त्यावरून ‘लव’, कापलेला बारीक तुकडा. ‘त्याच्या बोलण्यात खऱ्याचा लवलेशही नाही’ असं आपण म्हणतो, त्यातला हा ‘लव’.