परक्या सरकारचं दार ठोठावताना

परदेशात धर्मावरून किंवा वंशावरून चाललेल्या छळाबद्दल दुसऱ्या देशांच्या सरकारांकडे दाद कशी मागायची, या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत. तिसरं उत्तर वाचलंत की कारण कळेल.

प्रश्न : आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. पाकिस्तानातल्या अहमदियांवरच्या हल्ल्यांबद्दल एका खासगी संकेतस्थळावर बारा हजार सह्या जमवून पंतप्रधानांच्या कार्यालयाला पाठवल्या. चार महिने झाले, साधी पोचही नाही. कुठे चुकलं?

उत्तर : पत्ता चुकला आणि बहुधा मागणीही चुकली.

खासगी संकेतस्थळावरच्या सह्या ब्रिटिश संसद मोजत नाही. संसदेचं स्वतःचं याचिका-संकेतस्थळ आहे. तिथे याचिका मांडणाऱ्याखेरीज पाच समर्थक लागतात. मग ती नियमांत बसते का हे तपासून सहा महिन्यांसाठी खुली करतात. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं. १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो (विचार होतो, हमी नाही). सही करायला ब्रिटिश नागरिक किंवा तिथला रहिवासी असावं लागतं, त्यामुळे लाहोरच्या नातलगांच्या सह्या धरू नका.

तपासणीत याचिका अडकते ती वाक्यरचनेवरून. ‘पाकिस्ताननं कायदा रद्द करावा’ असं लिहिलंत तर ती परत येणार, कारण पाकिस्तानचा कायदा ब्रिटिश सरकारच्या हातात नाही. कर्ता ब्रिटिश सरकार हवा आणि क्रियापद त्याला करता येण्याजोगं हवं. ‘निषेध करावा’ ही तर सगळ्यांत स्वस्त मागणी. ‘आम्हाला तीव्र चिंता वाटते’ एवढं एक वाक्य लिहून मंत्रालय मोकळं होतं. त्यापेक्षा असं मागा : अमुक खटल्याच्या सुनावणीला ब्रिटिश उच्चायुक्तालयाचा निरीक्षक पाठवा, पुढच्या द्विपक्षीय बैठकीत तमुक कैद्याचा विषय नावानिशी काढा, अमुक अधिकाऱ्यावर २०२० च्या मानवाधिकार निर्बंध नियमांखाली कारवाई होऊ शकते का, ते तपासा.

याचिकेच्या जोडीनं आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहा. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घालायला विसरू नका. खासदार आपल्याच मतदारांची प्रकरणं हाती घेतात. पोस्टकोड नसेल तर पत्र बाजूला पडतं. पत्र एक पान, त्याहून मोठं नको. अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवणारी १९७४ ची घटनादुरुस्ती, त्यांना स्वतःला मुस्लिम म्हणवायला मनाई करणारा १९८४ चा अध्यादेश, दंडसंहितेची २९८-बी आणि २९८-सी ही कलमं एका परिच्छेदात आटपा, दुसऱ्यात ताजी घटना तारखेसह, तिसऱ्यात मागणी. आणि मंत्र्याला लेखी प्रश्न विचारण्याची विनंती करा. त्याचं उत्तर संसदेच्या कामकाजात छापलं जातं आणि पुढल्या वर्षी तेच वाक्य मंत्र्यापुढे धरता येतं.

कॅनडातल्या वाचकांसाठी : तिथेही पाच समर्थक लागतात, पण शिवाय एक खासदार पुरस्कर्ता मिळवावा लागतो. सह्या ५०० पुरतात. याचिका सभागृहात सादर झाली की सरकारला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या मते हा मार्ग लहान समाजांना जास्त परवडतो.

प्रश्न : अमेरिकेत आमच्या सिनेटरच्या कार्यालयानं सांगितलं की ‘तो देश विशेष चिंताजनक देशांच्या यादीत आधीच आहे’. म्हणजे आता मागण्यासारखं काही उरलं नाही का?

उत्तर : खरं मागणं इथूनच सुरू होतं. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यानं दोन वेगळ्या यंत्रणा उभ्या केल्या आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात. धर्मस्वातंत्र्य आयोग फक्त शिफारस करतो. यादी ठरवतं ते परराष्ट्र खातं. आयोगाच्या अहवालात देशाचं नाव आलं म्हणून पेढे वाटणारे आम्ही पाहिलेत. तेवढ्यानं काहीही घडत नाही.

खात्याच्या यादीत नाव आल्यावर राष्ट्राध्यक्षांनी काही कारवाई करणं अपेक्षित असतं. पण पळवाटा दोन आहेत. पहिली, राष्ट्रहिताच्या नावाखाली सूट. सौदी अरेबिया २००४ पासून यादीत आहे आणि वर्षानुवर्षं ही सूट भोगतो आहे. दुसरी पळवाट जास्त धूर्त : आधीच लागू असलेला एखादा जुना निर्बंध दाखवायचा आणि तोच या कायद्याखालची कारवाई म्हणून मोजायचा. चीनच्या बाबतीत पोलिसी उपकरणांच्या निर्यातीवरची बंदी अशीच मोजली गेली, जी मुळात १९८९ च्या तिआनान्मेन चौकातल्या हत्याकांडानंतरची आहे.

तेव्हा कार्यालयाला विचारा : या देशावर याच कायद्याखाली नवी कारवाई कोणती झाली? सूट दिली असेल तर त्याबदल्यात काय मिळालं? व्हिएतनाम २००४ मध्ये यादीत आला, २००५ मध्ये अमेरिकेशी लेखी समझोता झाला आणि २००६ मध्ये नाव निघालं. त्या सुटकेवर आजही वाद आहे, पण निदान मोजायला अटी तरी होत्या. ‘अटी लेखी करा’ ही मागणी म्हणूनच करण्यासारखी.

एक कैदी नावानिशी हाती असेल तर काँग्रेस सदस्यांनी कैदी ‘दत्तक’ घेण्याची योजना आहे, टॉम लँटोस मानवाधिकार आयोगाची. त्यासाठी कैद्याचं नाव, जन्मतारीख, तुरुंग, कलम, शिक्षा आणि प्रकृती एवढी माहिती लागते. आणि कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. ते सुरक्षा तपासणीत रेंगाळतं. राज्यातल्या स्थानिक कार्यालयात फोन करून परराष्ट्र विषय कोण बघतं ते विचारा आणि त्याच व्यक्तीला ईमेल करा.

प्रश्न : आमच्या नातलगावर ईशनिंदेचा खटला आहे. बोभाटा करावा की गप्प बसावं?

उत्तर : हा निर्णय तुमचा नाही आणि आमचाही नाही. तो कैद्याचा, नाहीतर त्याच्या जवळच्या कुटुंबाचा आणि तिथल्या वकिलाचा. संमती लेखी घ्या, आणि चार गोष्टींसाठी वेगवेगळी घ्या : नाव सरकारला सांगायचं का, नाव जाहीर करायचं का, फोटो वापरायचा का, गावाचं नाव द्यायचं का.

दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. ईशनिंदेच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबींची बाजू घेतली म्हणून पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांची जानेवारी २०११ मध्ये हत्या झाली, आणि ईशनिंदा कायद्याविरुद्ध बोलणारे मंत्री शाहबाझ भट्टी मार्चमध्ये मारले गेले. बीबी स्वतः ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरल्या, २०१९ मध्ये कॅनडात पोचल्या. उलट बाजूला, एका ख्रिस्ती दांपत्याच्या खटल्यावरून युरोपीय संसदेनं २९ एप्रिल २०२१ रोजी ठराव केला आणि पाकिस्तानच्या जीएसपी प्लस व्यापारी सवलतीचा फेरविचार मागितला. ३ जूनला लाहोर उच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. ठरावामुळेच सोडलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ती सवलत २७ आंतरराष्ट्रीय करारांच्या पालनाशी बांधलेली आहे आणि पाकिस्तानच्या कापड निर्यातीचा तिच्यावर मोठा भार आहे. दोरी खरी होती.

आमचा कल असा : खटला खालच्या न्यायालयात असताना आणि गावात वातावरण तापलेलं असताना दूतावासांशी बंद दाराआडच बोलावं. कैद्याचा ठावठिकाणाच लागत नसेल, किंवा कोठडीत मारहाण होत असल्याची खबर असेल, तर गप्प राहण्यात धोका जास्त.

प्रश्न : इराणमधल्या बहाईंबद्दल लिहायचं आहे, पण आम्ही कुठल्याच पाश्चात्त्य देशाचे नागरिक नाही. संयुक्त राष्ट्रांना थेट लिहिता येतं का?

उत्तर : येतं, आणि नागरिकत्व कोणी विचारत नाही. जिनिव्हाच्या मानवाधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर विशेष प्रतिवेदकांसाठी (मानवाधिकार परिषदेनं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांसाठी) ऑनलाइन अर्ज आहे. एकाच अर्जात अनेक प्रतिवेदक निवडता येतात : धर्मस्वातंत्र्याचे (हे पद १९८६ पासून आहे), अल्पसंख्याकांचे आणि इराणसाठी नेमलेले स्वतंत्र प्रतिवेदकही. स्थानिक न्यायालयांचे सगळे उंबरठे झिजवले पाहिजेत अशी अट इथे नाही. त्या देशानं एखादा करार मंजूर केलेला असावा, अशीही नाही.

अर्ज बाद होतो तो मुख्यतः तीन कारणांनी : सगळी माहिती वर्तमानपत्रांतून उचललेली असते, भाषा शिवराळ असते, किंवा पीडिताची संमती नसते. प्रतिवेदक संबंधित सरकारला पत्र धाडतात, ६० दिवस वाट पाहतात, मग पत्र आणि उत्तर दोन्ही प्रसिद्ध होतात. म्हणून नाव गुप्त ठेवायचं असेल तर अर्जातच स्पष्ट लिहा; नंतर कळवून उपयोग होत नाही.

कराराखालची वैयक्तिक तक्रार हा वेगळा रस्ता. इराण आणि पाकिस्तान या दोघांनी नागरी व राजकीय हक्कांचा करार मान्य केला आहे, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. म्यानमारनं तर मूळ करारच मंजूर केलेला नाही. तिथे अर्ज लिहिण्यात महिने घालवू नका.

तिसरा रस्ता म्हणजे प्रत्येक देशातल्या मानवाधिकारांचा संयुक्त राष्ट्रांत साधारण साडेचार वर्षांनी होणारा सार्वत्रिक आढावा. एकट्या संस्थेला २,८१५ शब्द मिळतात, संयुक्त निवेदनाला ५,६३०. मर्यादा खरोखर पाळतात. पण अहवाल पाठवून थांबू नका. शिफारशी करतात ती सरकारं, आणि प्रत्येकाला बोलायला मिनिट-दोन मिनिटंच मिळतात. दूतावासाला वीस पानं देण्यापेक्षा जशीच्या तशी वाचता येतील अशी दोन वाक्यं द्या. उदाहरणार्थ : ‘विद्यापीठ प्रवेशात बहाई अर्जदारांना धर्मावरून नाकारण्याची पद्धत बंद करावी आणि १९९१ चं परिपत्रक मागे घ्यावं.’ बहाईंची प्रगती अडवण्याचं धोरण लिहिलेला तो गोपनीय कागद १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनंच उजेडात आणला, आणि आजवर त्याचे दाखले दिले जातात. शंभर भाषणांना जमलं नसतं ते एका कागदानं केलं.

प्रश्न : छळ करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक आहे. त्याच्यावर निर्बंध कसे आणायचे?

उत्तर : अमेरिकेचा ग्लोबल मॅग्निट्स्की कायदा (२०१६), कॅनडाचा २०१७ चा कायदा, ब्रिटनचे जुलै २०२० चे नियम, युरोपीय संघाची डिसेंबर २०२० ची व्यवस्था, ऑस्ट्रेलियाची २०२१ ची दुरुस्ती : सगळ्यांचा गाभा एकच, खाती गोठवणं आणि प्रवेशबंदी. युरोपीय संघात सर्व सदस्य देशांचं एकमत लागतं. एक देश आडवा आला की संपलं.

नाव ठाऊक असणं पुरत नाही. एकाच नावाचे दहा अधिकारी असतात. पूर्ण नाव मूळ लिपीत, रोमन लिपीतली सगळी रूपं, जन्मतारीख, हुद्दा आणि त्या हुद्द्यावरचा काळ द्या. मग साखळी जुळवा : हे कृत्य झालं, अमुक तुकडीनं केलं, ती तेव्हा याच्या हुकुमाखाली होती. तिसरी कडी सगळ्यांत कच्ची असते आणि प्रकरणं तिथेच तुटतात. युरोपात निर्बंधांना न्यायालयात आव्हान देता येतं, म्हणून तिथे उघडपणे मांडता येईल असा पुरावा मागतात. त्या माणसाचं त्या देशात घर, मुलांचं शिक्षण किंवा बँकखातं आहे असं दाखवता आलं तर प्रकरणाला वजन येतं. अमेरिकेत संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य यांनी मिळून विचारणा केली तर कायद्यानं १२० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. एकाच पक्षाच्या सह्या आणून तो फायदा घालवू नका.

प्रश्न : सरकारं स्वार्थ बघूनच बोलतात. मग हे सगळं कशाला?

उत्तर : बघतातच. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनच्यांगमधल्या उइगुरांच्या स्थितीवर मानवाधिकार परिषदेत नुसती चर्चा घ्यायचा ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, ११ तटस्थ. म्हणूनच फक्त बड्या राजधान्यांकडे डोळे लावून बसू नये. रोहिंग्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला तो गांबिया, आफ्रिकेतला चिमुकला देश. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या करारातलं, वाद या न्यायालयात नेण्याची मुभा देणारं नववं कलम त्यानं वापरलं, आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानं म्यानमारला हंगामी आदेश दिले. ते कलम न वगळता करार मान्य करणाऱ्या देशांची यादी जरूर काढून बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ निवेदनाला जोडावेत का?

उत्तर : जसेच्या तसे नकोत. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि फाइलमधली वेळ-ठिकाणाची नोंद गळून जाते. ज्यानं चित्रण केलं त्याच्यापर्यंत पोचा आणि मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. पोचता येत नसेल तर तो व्हिडिओ फक्त शोधाचा धागा समजा. दुकानांच्या पाट्या, मिनार, डोंगराची रेघ, सावल्यांची दिशा उपग्रह नकाशाशी ताडून पाहा. चित्रावरून उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन तो आधी कुठे आला होता का तेही बघा.

एक खोटी चित्रफीत अख्खं प्रकरण बुडवते. २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी रोहिंग्यांची म्हणून टाकलेली छायाचित्रं भलतीकडची निघाली. त्यांनी ती काढली, पण म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या आँग सान सू ची यांना ‘अपप्रचाराच्या हिमनगाचं हे टोक’ म्हणायला आयतं निमित्त मिळालं. त्याच दिवसांत लाखो माणसं खरोखर बांगलादेशाची सीमा ओलांडत होती.

मूळ फाइलचं नावही बदलू नका. तिचा हॅश (फाइलमध्ये जराही फेरफार झाला की बदलणारा संकेतांक) काढून लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी फेरफाराचा आरोप केला तर उत्तर देता येईल. तक्त्यात तारीख, ठिकाण, कोणी टिपलं, तुमच्याकडे कसं आलं आणि कशावरून खरं मानलं, असे रकाने ठेवा. शेवटचा रिकामा राहिला तर ती फाइल जोडू नका. पीडितेची साक्ष प्रत्येक संघटनेनं नव्यानं घेऊ नये. सारखं तेच सांगायला लावलं की माणूस खचतो, शिवाय दोन कथनांत बारीक फरक पडतात आणि उलटतपासणीत तेच पुढे येतात. आधी कोणी नोंद घेतली आहे का ते विचारा, तीच मिळवा. वकिलाला नेहमी प्रत द्या, मूळ फाइल नाही.