पोलिसी मारधाडीचा चित्रपट करमणूक म्हणून कसा जोखावा?

आपण लिहिले आहे की, इंदुरात सपना-संगीता टॉकीजच्या बाजूला मित्रांबरोबर पाहिलेला पोलिसी मारधाडीचा चित्रपट आपल्याला आवडला. पण शो सुटल्यावर सराफ्याच्या खाऊबाजारात खात उभे असताना एका मित्राने, लॉकअपमधल्या मारहाणीवर टाळ्या मागणारे चित्रपट पाहूच नयेत, असे सुनावले. असा चित्रपट निव्वळ टाइमपास म्हणून पाहून त्याला चांगले म्हणावे का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो खुशाल पाहावा आणि करमणूक म्हणूनच जोखावा, मात्र ती कसोटी ढिली करू नये. ‘डोके घरी ठेवून जा’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण मारामारी चांगली रंगली की नुसताच गोंगाट झाला, हे ठरवायला डोके जागेवरच लागते.

मारामारीत मी सर्वांत आधी जागा पाहतो. समजा, एक इन्स्पेक्टर चाळीच्या अरुंद जिन्यावर चौघांशी झुंजतो आहे. दार कुठल्या बाजूला आहे, कठडा कुठे मोडका आहे, सुरा कोणाच्या हातात आहे आणि तो माणूस किती पायऱ्या वर उभा आहे, हे पहिला ठोसा बसण्याआधी आपल्याला ठाऊक असेल, तर नायकाची पाठ त्या मोडक्या कठड्याला टेकताच आपणही खुर्चीत सावरून बसतो. दिग्दर्शकाने हे दाखवलेच नाही, दर क्षणाला दृश्य तोडले आणि ठोसा बसल्याचे काम नुसत्या आवाजावर सोपवले, तर कोण कोणाला मारतो आहे हेही कळत नाही आणि मग त्याची काळजीही वाटत नाही. दुसरे म्हणजे, मार अंगावर उरतो का, हे मी पाहतो. जिन्यावर मनगट दुखावलेला नायक पुढच्याच प्रसंगात त्याच हाताने लोखंडी दार उखडत असेल, तर आधीची झुंज फुकट गेली असे समजावे.

आता लॉकअपच्या प्रसंगाकडे येतो, कारण आपल्या मित्राचा आक्षेप तिथेच आहे आणि मला वाटते, करमणुकीचा चित्रपट करमणूक म्हणूनही तिथेच फसतो. थरार यायला निकाल अनिश्चित असावा लागतो. खुर्चीला बांधलेल्या माणसावर पट्टा उगारला जातो, तेव्हा पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. मारणाऱ्याला धोका नसतो, मार खाणाऱ्याला वाव नसतो. ही पोकळी मग ढणढणत्या पार्श्वसंगीताने आणि टाळीसाठी बेतलेल्या संवादाने भरून काढली जाते. पुढच्या वेळी थिएटरात अशा प्रसंगी आजूबाजूला जरूर पाहा: जिन्यावरच्या झुंजीत श्वास रोखून बसलेल्या रांगेत मोबाइलचे पडदे उजळू लागतात.

1983 सालच्या ‘अर्धसत्य’मध्ये कोठडीतली मारहाण आहे, पण तिथे चित्रपट सैल पडत नाही. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेत नायक इन्स्पेक्टर वेलणकरच्या हातून कोठडीत एक चोर मरतो, आणि ज्या गुंड रामा शेट्टीपुढे झुकायचे नाही म्हणून त्याने एवढे सोसले, त्याच्याच दारात त्याला जावे लागते. हिंसेमुळे पुढची गोष्ट घडते, म्हणून ती पाहताना जीव टांगणीला लागतो. निव्वळ मनोरंजनाचे उदाहरण हवे असेल, तर 2011 चा ‘सिंघम’ घ्यावा. अजय देवगण आणि प्रकाश राज समोरासमोर येतात, ते प्रसंग मला मनापासून आवडतात, कारण खलनायक तोडीस तोड आहे. शेवटी पोलिसांची फौज एकट्या जयकांत शिक्रेवर, म्हणजे त्या खलनायकावर, तुटून पडते आणि बरोबरीचा तो तोल बिघडतो. तिथे माझा रस आटतो.

आपल्या मित्राची काळजी मात्र खरी आहे. आपल्याकडचा टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख निरीक्षक, असो वा मुंबईचा इन्स्पेक्टर, अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार त्याला बंधनकारक आहे. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल 2022 साली उघड झाला आणि आरोपींना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्यातला निष्कर्ष होता. ही फुले चित्रपटांनी उधळायला लावली, असे मी म्हणणार नाही. पडद्यावर गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला असतो, दोषी कोण याची खात्री पटकथाकाराने आपल्याला आधीच दिलेली असते, म्हणून नायकाच्या बाजूने ओरडण्यात गैर नाही. रस्त्यावर ती खात्री देणारा कोणी नसतो आणि म्हणूनच न्यायालय लागते. हा फरक ज्याच्या मनात पक्का आहे, त्याने मारधाडीचा आनंद घेताना संकोच करू नये.

भाच्याला न्यावे का, हेही आपण विचारले आहे. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र असेल, तर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नाही. ‘यूए’चे आता 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, तिथे निर्णय पालकांचा असतो, तेव्हा आधी आपल्या बहिणीला लॉकअपचा प्रसंग नीट वर्णन करून सांगावा आणि मगच तिकीट काढावे.