थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताना शाळा विश्वासार्ह आहे हे कसं ओळखायचं?

पैसे अजून दिले नसतील तर थांबा.

तुम्ही लिहिलंय की तुमचं बीए-बीएड झालंय, साताऱ्यात शिकवता आणि पुण्यातल्या एका एजंटने बँकॉकजवळच्या शाळेत २८,००० बाथ पगाराची नोकरी देऊ केलीय. तो दीड लाख रुपये मागतोय, 'आत्ता पर्यटक म्हणून जा, व्हिसाचं तिकडे बघू' म्हणतोय आणि शाळेचं नाव पैसे भरल्यावर सांगणार आहे. पगाराचा आकडा ठीक आहे. बाकीच्या तिन्ही गोष्टी मला अजिबात ठीक वाटत नाहीत. थायलंडच्या ईशान्येला, इसान भागात, कोरातमधल्या एका खाजगी शाळेत मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यानंतर तिकडे जाऊ पाहणाऱ्या बऱ्याच जणींचे करार वाचून दिले. त्या आधारावर सांगते.

शाळा चांगली की वाईट हे इमारत, वेबसाइट किंवा पगारावरून ठरवू नका. एकच गोष्ट आधी विचारा: माझ्या वर्क परमिटवर मालक म्हणून कोणाचं नाव येणार? थायलंडमध्ये परक्या माणसाचा कामाचा परवाना मोकळा नसतो, तो विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. तुमचा मुक्कामही त्याच नोकरीवर उभा असतो. नोकरी संपली की राहण्याची परवानगीही संपते, आणि नवी शाळा मिळाली तर सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वाईट शाळा सोडून देणं तिथे साताऱ्याइतकं सोपं नाही. म्हणून सगळी पारख विमानात बसण्याआधी व्हायला हवी.

रीतसर मार्ग असा असतो. शाळा तुम्हाला नेमणुकीचं पत्र देते, स्वतःच्या नोंदणीची कागदपत्रं देते आणि शिक्षण खात्याच्या संबंधित कार्यालयाचं पत्र मिळवते. खाजगी शाळा असेल तर ते तिथल्या खाजगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाकडून येतं. हे सगळं जोडून तुम्ही भारतातूनच 'नॉन-इमिग्रंट बी' म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसासाठी (थोडक्यात 'नॉन-बी') अर्ज करता. जानेवारी २०२५ पासून हा अर्ज भारतीयांसाठी ऑनलाइन झालाय. व्हिसा घेऊन उतरलात की सुरुवातीला ९० दिवसांचा मुक्काम मिळतो, त्या काळात शाळा वर्क परमिट काढते आणि मग मुक्काम वर्षापर्यंत वाढवून मिळतो. शिक्षकांसाठी आणखी एक पायरी आहे. खुरुसफा म्हणजे थायलंडची शिक्षक परिषद. शाळेत शिकवायला तिचा परवाना लागतो, आणि तो नसेल तर शाळा तुमच्यासाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागते. तुमचं बीएड आहे, त्यामुळे तुमची बाजू नुसत्या पदवीधरापेक्षा भक्कम आहे, हे मुलाखतीत स्वतःहून सांगा. आपल्यासारख्या, मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६०० गुणांची अपेक्षा असते. ती परीक्षा आधीच देऊन ठेवा. पोलिसांकडचा दाखलाही काढून ठेवा.

आता 'पर्यटक म्हणून या' याबद्दल. तिथे पोचल्यावर नोकरी शोधून मग लाओसमध्ये व्हिएनतिएनला किंवा सवन्नखेतला जाऊन नॉन-बी व्हिसा घेऊन परतणारे शिक्षक मी पाहिलेत. ती वाट अस्तित्वात आहे, नाही असं नाही. पण तोवर वर्गात उभं राहायचं नसतं. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं परवाना बंद, असा २०१८ पासूनचा कायदा आहे. मालकालाही दंड होतो, पण त्याचं घर तिथेच असतं, तुमचं नसतं. आमच्याच गावात एका फिलिपिनो शिक्षिकेला एजन्सीने 'फक्त पहिला महिना असंच शिकव' असं सांगून सबंध सत्र शिकवायला लावलं. शाळेच्या फाटकाशी कोणी गणवेशातलं दिसलं की ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. पोरं विचारायची, टीचर कुठे गेल्या? इतकी चांगली शिकवणारी बाई, आणि तिला लपावं लागायचं. तुम्ही भारतातूनच निघताय, हातात वेळ आहे, तर शाळेला व्हिसाची कागदपत्रं इथे पाठवायला सांगण्यात काहीच वावगं नाही. ज्या शाळेला शिक्षक खरंच हवा असतो ती पाठवते.

शाळेचं नाव न सांगणं हा मात्र माझ्या दृष्टीने तिथेच विषय संपवणारा मुद्दा आहे. घाबरवायचं म्हणून लिहीत नाही, पण हे माहीत असायला हवं: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातंय, अशी सूचना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच काढली होती. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या सीमेवरच्या मे सोतमधून वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तिथे अडकलेले बहुतेक जण संगणक आणि मार्केटिंगच्या जाहिरातींवरून गेलेले होते, शिक्षक म्हणून नव्हे. पण जाण्याची पद्धत बघा: पर्यटक म्हणून प्रवेश, मालक अज्ञात, विमानतळावर घ्यायला येणारी गाडी. तुमच्या एजंटने सांगितलेलं यापेक्षा फार वेगळं नाही.

एजंटचं तपासणं सोपं आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्यांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतात. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तिथे टाकून बघा. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख कशाचे, हे त्याला लेखी विचारा. रोख मागत असेल आणि पावतीला टाळाटाळ करत असेल तर पुढे बोलूच नका.

शाळेचं नाव मिळालं की ते थाई लिपीत लिहून मागा. इंग्रजी नावं एकसारखी असतात, थाई नावाने नकाशावर शोधलं की खरी शाळा, तिचं फाटक, पालकांचे अभिप्राय, स्नेहसंमेलनाचे फोटो सगळं दिसतं. तिथला लँडलाइन नंबर घ्या आणि एजंटने दिलेला मोबाइल बाजूला ठेवून त्या नंबरवर फोन करा. थायलंडची वेळ आपल्यापेक्षा दीड तासाने पुढे आहे. सकाळी आठला तिथे झेंडावंदन असतं, त्यामुळे तिथले नऊ वाजून गेल्यावर करा. परकीय शिक्षकांचं काम बघणाऱ्या बाईंना मागा आणि एवढंच विचारा की तुमच्याकडे या विषयाची जागा आहे का, आणि अमुक एजन्सी तुमच्यासाठी भरती करते का. ईमेलही पाहा. तिथल्या शिक्षणसंस्थांचे पत्ते 'एसी डॉट टीएच'ने संपतात. लहान शाळा जीमेलही वापरतात, म्हणून तेवढ्यावरून नापास करू नका, पण आधी फोन लागायलाच हवा.

एजन्सीतर्फे जाणं मुळातच चूक, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच सरकारी शाळा परकीय शिक्षक एजन्सीकडूनच घेतात. शाळा एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपला वाटा ठेवून तुम्हाला पगार देते. अशा वेळी परवाना कोणाच्या नावावर, पगार कोण देणार आणि शाळेने मध्येच नको म्हटलं तर तुमचं काय, ही तीन उत्तरं करारात लिहिलेली हवीत. 'आमचे सगळे शिक्षक खुश आहेत' हे उत्तर नव्हे.

करारात सगळ्यात आधी मार्च आणि एप्रिल शोधा. तिथलं शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, मध्ये ऑक्टोबरची सुटी. काही शाळा बारा महिन्यांचा पगार देतात, काही दहाच महिन्यांचा. २८,००० गुणिले बारा आणि गुणिले दहा यात ५६,००० बाथचा फरक पडतो. महिन्याच्या आकड्याकडे बघून हरखू नका, वर्षाचा हिशोब करा. मग आठवड्याचे तास किती, वर्गात मुलं किती (सरकारी शाळेत चाळीस-पन्नास हे नेहमीचं आहे), शनिवारचे शिबिर-वर्ग पगारात धरलेत का, व्हिसा आणि परवान्याचा खर्च कोणाचा, घरासाठी काही मिळतं का. घर भाड्याने घेताना तिथे सहसा दोन महिन्यांची अनामत आणि एक महिना आगाऊ मागतात, त्यामुळे पहिला पगार हातात येईपर्यंतचे पैसे इथूनच घेऊन जा. करार दोन भाषांत असेल तर थाई मजकूर ग्राह्य धरला जातो का, हे पाहा, आणि तसं असेल तर तो थाई जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

दोन कलमं दिसली तर सही करू नका. एक, मध्येच सोडलं तर काही महिन्यांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. दुसरं, पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' शाळेकडे किंवा एजन्सीकडे ठेवायचा. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याही मालकाला नाही. परवान्याच्या कामासाठी एक-दोन दिवस लागतो, तेवढ्यापुरता द्या आणि परत घ्या.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण ती आपल्याच वाट्याला येते. तिथल्या कितीतरी जाहिरातींत फक्त अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातले शिक्षक हवेत असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी भारतीय उमेदवाराला घेतात, पण कमी पगारात, आणि वर सांगतात की पालकांनी विचारलं तर लंडनला वाढले म्हणायचं. अशी जागा घेऊ नका, पगार कितीही असो. पालकांकडून इंग्रजी माध्यमाच्या तुकडीची जास्त फी घेऊन त्यांनाच फसवणारी शाळा उद्या तुमच्याशी सरळ वागेल, अशी आशा मी तरी धरणार नाही. आमच्या शाळेने माझं नाव, गाव, देश आणि बीएड सगळं सूचनाफलकावर लावलं होतं. पालक सभेत एका आजोबांनी विचारलं, भारतातल्या बाई का? मुख्याध्यापिकेने उभं राहून सांगितलं, कारण यांनी शिकवायचं कसं हे शिकलेलं आहे. पुन्हा तो प्रश्न कोणी काढला नाही. मुलाखतीत तुम्हीही थेट विचारा की मी भारतीय आहे हे पालकांना सांगणार ना? उत्तर लगेच आलं तर पुढे बोला.

मुलाखत कशी होते यावरूनही कळतं. मेच्या तोंडावर शाळांना खरोखर घाई असते, त्यामुळे दोन दिवसांत होकार आला म्हणून संशय घेऊ नका. पण नमुना पाठ मागितला नाही, बीएडबद्दल विचारलं नाही, फक्त फोटो आणि पैशांचं बोलणं झालं, तर समोरच्याला शिक्षक नकोय. शेवटी तिथे सध्या शिकवणाऱ्या एका परकीय शिक्षकाशी आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्या एकाशी बोलायची परवानगी मागा. सोडून गेलेल्याला विचारा की शेवटचा पगार मिळाला का आणि परवाना रद्द करायची कागदपत्रं शाळेने वेळेवर दिली का. नवीन माणसाचं स्वागत सगळेच करतात. जाणाऱ्याचे कागद मुकाट्याने पूर्ण करून देणारी शाळा असेल तर निर्धास्त जा.

सध्याच्या जागेसाठी एजंटला आजच शाळेचं थाई नाव आणि त्याचा नोंदणी क्रमांक मागा. दोन्हींपैकी एक जरी आलं नाही तरी ही जागा सोडून द्या. ऑक्टोबरच्या सुटीआधी पुन्हा भरती निघते, तोवर टोइक देऊन होईल आणि थेट शाळांना लिहिताही येईल. करार हातात आला तर स्वतःचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक झाकून इथे टाका, मी वाचून कलमवार सांगते.