तिन्ही गाड्या बदलू नका, दिल्लीची एकच बदला

एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझ्याकडे तीन दहाटायर ट्रक आहेत, तिन्ही बीएस-4, 28 टन पासिंगचे (मालासकट एकूण वजन). दोन 2018चे, एक 2019चा. कर्ज फिटलं आहे. 2019ची गाडी नाशिकहून दिल्लीला इलेक्ट्रिकल पॅनेल नेते, महिन्याला साधारण 8,000 किलोमीटर होतात. दुसरी साखर घेऊन न्हावाशेवाला जाते, 4,000 किलोमीटर. तिसरी जालन्याहून सळई आणते, 3,500 किलोमीटर. डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर, विमा सगळं जाऊन महिन्याला अनुक्रमे 70, 40 आणि 35 हजार हाती राहतात. डीलर म्हणतो, बीएस-4चे दिवस संपले, तिन्ही एकदम बदला. नवी गाडी बॉडी, पासिंग, विमा धरून 38 लाखांना पडते. जुन्या गाडीचे तो 8 लाख धरतो आणि प्रत्येकी 26 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी करून देतो. उरलेले 12 लाख मुलीच्या शिक्षणाच्या एफडीतून भरावे लागतील. ती अकरावीत आहे. घरखर्च 45 हजार. काय करू?"

तुमचा डीलर अर्धं खरं बोलतो आहे. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरची सरकारी मर्यादा; आकडा मोठा तितकी ती कडक. बीएस-4ची अडचण खरी आहे, पण ती तुमच्या तीन गाड्यांपैकी एकीलाच आहे.

देशभर बीएस-6 लागू झालं 1 एप्रिल 2020 पासून, मधली बीएस-5ची पायरी गाळून. पण तो नियम नव्या गाड्यांच्या विक्रीचा आणि नोंदणीचा होता. आधीच रस्त्यावर असलेली बीएस-4 गाडी फिटनेस आणि पीयूसी असेपर्यंत महाराष्ट्रात बिनधास्त चालते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, त्यानंतर दरवर्षी. तुमच्या 2018च्या गाड्यांना आता दरवर्षी आरटीओची फेरी पडेल, एवढाच फरक.

दिल्लीचं तसं नाही. तिथल्या हवा गुणवत्ता आयोगाने 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या मालवाहू गाड्यांना बीएस-6, सीएनजी, एलएनजी किंवा इलेक्ट्रिक असल्याशिवाय प्रवेश बंद केला. बीएस-4ला सवलत दिली ती 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. त्याशिवाय थंडीत हवा फार बिघडली की निर्बंधांचा चौथा टप्पा लागतो, तेव्हा जीवनावश्यक माल सोडून बाकीच्या जुन्या डिझेल ट्रकना शहराच्या हद्दीवरच थांबवतात. बीएस-6 डिझेल तेव्हाही आत जाते. पॅनेल काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. म्हणजे तुमच्या 70 हजारांच्या उत्पन्नाला शेवटची तारीख आहे. बाकीच्या 75 हजारांना नाही.

आता डीलरच्या योजनेचा हिशेब मांडू. 26 लाखांचा हप्ता येतो सुमारे 55,900 रुपये, तिन्हींचा मिळून 1,67,700. तुमचं तिन्ही गाड्यांचं उत्पन्न 1,45,000. डीलर लगेच म्हणेल, मायलेज वाढतं ते धरा की. धरू. लिटरला चार किलोमीटरचं 4.4 मिळालं, डिझेल 90 रुपये लिटर, तर दिल्लीच्या गाडीचे महिन्याला सुमारे 180 लिटर वाचतात, म्हणजे 16 हजारांच्या आसपास. पण बीएस-6ला डीईएफ लागतं, धूर साफ करणारं द्रव, ज्याला आपले ड्रायव्हर नुसतं युरिया म्हणतात. डिझेलच्या पाच टक्के आणि 60 रुपये लिटर धरलं तर साडेपाच हजार त्यात जातात. निव्वळ बचत 11 हजारांच्या आत. जालन्याच्या गाडीची हीच बचत पाच हजारांचीही होत नाही. तिन्हींची मिळून 21 हजार. ती सगळी जमेला धरूनही 1,66,000 होतात, आणि हप्ते त्याहून जास्त. घरखर्चाचा विषय तर अजून निघालेलाच नाही.

म्हणून ती योजना पूर्ण बाजूला ठेवा. व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी करून मिळाला तरी ठेवा.

आणखी एक कारण आहे, आणि ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बीएस-4मध्ये जड इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ऊर्जेच्या एका युनिटमागे (किलोवॅट-तास) 3.5 ग्रॅम होती, ती बीएस-6मध्ये 0.46 ग्रॅमवर आली. एवढी घट नुसत्या इंजिनात बदल करून साधत नाही, म्हणून सायलेन्सरच्या जागी आता एक छोटा कारखानाच बसला आहे. एका भागात युरियाची फवारणी होते, दुसऱ्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. या जाळीत साठलेली काजळी वेळोवेळी जळून जावी लागते आणि त्यासाठी धूर चांगला तापलेला हवा. नाशिक ते दिल्ली सलग भार ओढत जाणाऱ्या गाडीचं हे काम रस्त्यावर आपोआप होतं. पण बंदराबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून चार-चार तास मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गाडीचा धूर तापतच नाही. जाळी भरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर मागचा ट्रक हॉर्न देतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतो, आणि काही दिवसांनी गाडीची ताकद कमी होते. मग गाडी बाजूला लावून जाळी साफ करून घ्यायची, तेही जमलं नाही तर वर्कशॉपला ओढून न्यायची. स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, त्यामुळे नाक्यावरचा तुमचा नेहमीचा मिस्त्री इथे उपयोगाचा नाही.

तुमची न्हावाशेवाची गाडी नेमकी असल्या कामावर आहे. बीएस-6साठी ती सगळ्यात वाईट जागा, आणि जुन्या बीएस-4साठी सगळ्यात चांगली. शिवाय साखरेची निर्यात सरकारच्या परवानगीवर चालते. कोटा बंद झाला की ते 40 हजारही आटतात. असल्या उत्पन्नावर पाच वर्षांचा हप्ता बांधायचा नसतो. जालन्याच्या गाडीबद्दल फार बोलायला नको. चालतेय, चालू द्या.

उरली दिल्लीची. ती बदला, आणि लवकर बदला. दसऱ्याचा मुहूर्त धरून गाडी उचलायची आपल्याकडे पद्धत आहे. यंदा ती सोडा, कारण 2026चा दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो, शेवटच्या तारखेच्या अगदी तोंडावर. चेसिस मिळून बॉडी बांधायला आणि पासिंगला वेळ जातो, आणि तोवर दिल्लीच्या लाइनवरच्या सगळ्यांनी आपापल्या बीएस-4 विकायला काढलेल्या असतील. 2017 आठवा. सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला बीएस-3ची विक्री 1 एप्रिलपासून बंद केली, आणि उरलेल्या दोन दिवसांत कंपन्यांनी मिळेल त्या भावाला माल काढला. अशा वेळी विकणारा नेहमी मार खातो. तुम्ही जुनी गाडी विकणारे आहात, हे विसरू नका.

जुनी गाडी डीलरला एक्स्चेंजमध्ये देण्याआधी बाहेर तीन ठिकाणी भाव काढा. दिल्लीला कधीच न जाणाऱ्या माणसाला, म्हणजे वाळू-खडी, ऊस, स्थानिक मार्केट यार्डाचा माल वाहणाऱ्याला, तुमच्या 2019च्या गाडीत काहीच खोट दिसणार नाही. समजा तुम्हाला साडेनऊ लाख मिळाले. मग 28.5 लाखांचं कर्ज, हप्ता सुमारे 61,300. तिन्ही गाड्यांचं उत्पन्न आणि नव्या गाडीची इंधन बचत मिळून साधारण 1,56,000. हप्ता आणि घरखर्च जाऊन 49 हजारांच्या आसपास उरतात, एफडीला हात न लावता. त्यातले निदान 20 हजार दरमहा वेगळ्या खात्यात टाका, गाड्यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी. वॉरंटी संपल्यावर युरियाच्या यंत्रणेचं एखादं काम निघालं तर ते लाखांत जाऊ शकतं. कंपनीचा देखभाल करार महाग वाटेल, पण या एका गाडीसाठी घ्या. फायनान्सवाला सगळे 28.5 लाख द्यायला तयार झाला नाही, तर फरक चालू खात्यातून भरा किंवा दोन-तीन महिने थांबून साठवा. मुलीचे पैसे नकोत. बारावीनंतर तिला ते लागणार आहेत आणि तेव्हा कॉलेज तुमच्या भाड्याची वाट पाहणार नाही.

गाडी बुक करण्याआधी पॅनेलच्या कंपनीला किंवा तुमच्या ट्रान्सपोर्टरला गाठून पुढच्या वर्षाचं काम लेखी घ्या. नोव्हेंबरनंतर दिल्लीत शिरू शकणाऱ्या गाड्या कमी होणार, तेव्हा भाडं थोडं वाढवून मागायला हीच वेळ आहे. त्यांनी टाळाटाळ केली तर सगळा हिशेब बदलतो. मग नवी गाडी न घेता 2019ची महाराष्ट्रातल्या कामाला लावा आणि दिल्लीचं भाडं दुसऱ्याच्या बीएस-6ला देऊन कमिशनवर समाधान माना. 70 हजार येणार नाहीत, पण हप्ताही नसेल.

2021-22ची जुनी बीएस-6 हा मधला मार्ग बरेच जण सुचवतील. किंमत कमी, पण व्याज जास्त. शिवाय आधीच्या मालकाने ती कशी चालवली ते तुम्हाला दिसत नाही. घ्यायचीच तर अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून फॉल्टचा इतिहास छापून घ्या आणि युरियाची यंत्रणा 'बंद करून' घेतलेली नाही ना, हे तपासा. अशी करामत करून देणारे हायवेवर भेटतात. तसं करणं बेकायदा आहे, आणि विकताना किंवा तपासणीत ते उघडं पडतं. ड्रायव्हरलाही सांगून ठेवा, सुट्या ड्रममधलं स्वस्त युरिया भरायचं नाही. लिटरमागे वाचलेल्या दहा रुपयांपायी कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर साफ करणारा भागच जातो.

कराबद्दल दोन गोष्टी. डीलरने "डेप्रिसिएशन मिळेल, कर वाचेल" असंही ऐकवलं असेलच. दहापर्यंत गाड्यांचे मालक बहुधा अनुमानित पद्धतीने विवरण भरतात, जुन्या कायद्यातलं कलम 44एई. त्यात 12 टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनामागे महिन्याला 1,000 रुपये धरलं जातं. तुमच्या तीन गाड्यांचं वर्षाला 10,08,000. तुम्ही त्याहून जास्त उत्पन्न दाखवत नसाल, तर एफडीचं व्याज मिळवूनही नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या आत बसता आणि कर शून्य येतो. डेप्रिसिएशन आणि व्याज त्या पद्धतीत वेगळं वजा होतच नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत वाचवायला कर मुळातच नाही. एकदा तुमच्या सीएकडून खात्री करून घ्या, तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात. दुसरं म्हणजे, 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रकवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला आहे. तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळत नसल्याने हा थेट फायदा आहे. कोटेशन त्या दराने आहे ना, पाहा.

भंगार योजना तुमच्या गाड्यांना लागू करू नका, त्या चालत्या आहेत, भंगाराचा भाव कशाला घ्यायचा? पण दुसऱ्याने भंगारात काढलेल्या गाडीचं ठेव प्रमाणपत्र हस्तांतरित होतं आणि त्यावर नव्या व्यावसायिक गाडीच्या रस्ता करात 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. डीलरला विचारा, त्याच्याकडे असं प्रमाणपत्र कोणाचं आहे का. इलेक्ट्रिक ट्रकला केंद्राचं जास्तीत जास्त 9.6 लाखांचं अनुदान आहे, पण त्यालाही भंगार प्रमाणपत्र लागतं, आणि नाशिक-दिल्लीसारख्या लांब फेरीला मी आज ते सुचवणार नाही.

2019ची गाडी विकताना आरसीवरून फायनान्स कंपनीचं नाव उतरवलेलं आहे का, ते आधी पाहा. कर्ज फिटलं तरी बरेच जण हे काम तसंच ठेवतात आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एनओसीसाठी धावतात. आणि पैसे हातात पडल्यावर नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली का, याचा पाठपुरावा स्वतः करा. "करून घेतो की" या शब्दावर सोडू नका. उद्या त्या गाडीचा अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो.